हा तळ नाही

९ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. एरवी नमस्काराखाली दोन ओळी तुमच्या गुडघ्याची चौकशी करते आणि मग कामाचं बोलते. आज गुडघा नंतर. आज मी तुमच्यावर चिडलेय, आणि फोनवर ऐकू येत नाही याचा तुम्ही सोयीने फायदा घेता म्हणून कागदावर चिडतेय.

मी सध्या कुठे खणतेय ते ऐका. टेकडीच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावरची ती मोठी जमीन. तिथे आता गोदामं होणार आहेत, आणि बांधकामाआधी जमिनीत जुने अवशेष आहेत का ते तपासून द्यायचं काम माझ्याकडे आलं. उन्हं कलल्यावर टेकडीवर चढून पाहिलं, तर खाली चक्क एक गोल उमटलेला. शंभर पावलं तरी भरेल. त्याच्या बाहेर लांबच लांब पट्टे, एकाला एक लागून. खंदकाने वेढलेलं आवार आणि त्याची शेतं! आत घरं असणार, बाहेर बांध घातलेली शेतं, आणि मधून गुरं न्यायची वाट. माझ्या अंदाजाने बारा-तेराशे वर्षांपूर्वीचं. पंचेचाळीस वर्षांची बाई टेकडीवर एकटी नाचली, हे कुणाला सांगू नका.

दुसऱ्या दिवशी खंदकावर पहिला खड्डा घेतला, तर माती आधीच कुणीतरी उकरलेली. कडा सरळ, कोपरे काटकोनात, भिंती घासून पुसून. इतके नीटनेटके कोपरे जगात एकच माणूस काढतो. अडीच फुटांवर सपाट पिवळी चिकणमाती आणि तिच्या बरोबर मध्यावर एक नाणं, एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या सालाचं. खड्डा बुजवताना तळाशी त्या वर्षीचं नाणं ठेवावं, म्हणजे पुढच्या खणणाऱ्याला आपण कुठवर गेलो होतो ते कळतं, हे मला कुणी शिकवलं? इथे खणल्याचं मात्र तुम्ही मला एका शब्दाने कधी बोलला नाहीत.

मुदत वाढवून मागायला परवानगीच्या कचेरीत गेले, तर साहेबांनी तुमचा जुना अहवाल पुढ्यात टाकला. ‘उथळ चर, खोली अडीच फूट. शे-दीडशे वर्षांपूर्वीचा कोंडवाडा. पुढील कामाची आवश्यकता नाही.’ खाली तुमची सही, लफ्फेदार. साहेब म्हणाले, “एवढ्या मोठ्या माणसाने लिहून ठेवलंय, आता तुम्ही काय वेगळं शोधणार?”

मामा, ती पिवळी माती मूळची नाही. माणसाचा हात लागलेली आहे. खंदक खणताना निघालेल्या मातीचा लोकांनी आतल्या बाजूला बांध रचला असणार, आणि पुढे कधीतरी कुणीतरी तो बांधच खंदकात लोटला. म्हणून ती हुबेहूब मूळ मातीसारखी दिसते. फसलात तर फसलात, कुणीही फसेल. मला तुमच्याकडून एकच ओळ हवी: ‘जुना निष्कर्ष पुन्हा तपासावा.’ पंधरा मार्चला माझी मुदत संपते. मग यंत्रं येतील आणि आवार, शेतं, सगळं खरवडून नेतील. तुमची ओळ असेल तर काम चालू राहील.

गुडघा कसा आहे?

तुमची भाची


१५ फेब्रुवारी

चि. घोरपडीस,

अनेक आशीर्वाद. त्यातले दोन-तीन तुझ्या पत्राच्या सुरापायी कापून घेतले आहेत. एकदा धरलं की सोडायचं नाही म्हणून हे नाव लहानपणी मीच तुला ठेवलं, तेव्हा आता तक्रार कुणाकडे करू?

गुडघा वाईट आहे. शेवटच्या ओळीत का होईना आठवला, उपकार झाले.

आता तुझी पिवळी माती. अगं, तू परकर सांभाळत धडपडत होतीस तेव्हा मी तिसाव्या खड्ड्यात उभा होतो. मूळ माती कशी असते ते मला शिकवतेस? स्वच्छ होती, एकसारखी होती, थापी घासली की चकाकत होती. तळ म्हणजे तळ. आमच्या वेळी तळ लागला की माणसं हात झटकून वर येत. तुमच्या पिढीला त्याच्याखाली आणखी एक शोधायची हौस. आणि टेकडीवरून गोल दिसला म्हणतेस, तर मलाही दिसला होता. कोंडवाडे गोल असतात, बाई.

‘फसलात तर फसलात’! काय पण दिलदारपणा! पुढच्या महिन्यात पुरातत्त्व मंडळ माझा सत्कार करतंय. पत्रिका छापून आलीय, ‘ज्यांच्या नजरेला माती कधी चकवू शकली नाही’ असं सोनेरी अक्षरात लिहिलंय. आणि त्याच महिन्यात मी लिहून देऊ की चकवलं?

आणखी एक. त्या खड्ड्याच्या भिंतीतले थर जसे दिसले तसे कागदावर उतरवले ते तुझ्या मामीने. तिला जाऊन तीन वर्षं झाली, पण तिच्या हाताबद्दल आजवर कुणी शंका घेतलेली नाही. तिची रेघ केसभर हलत नसे. छापील चित्रात तळ कुठे आहे तो बघ. माझं नको ऐकूस, तिचा तरी मान ठेव.

ओळ मिळणार नाही. दुसरं काही लागलं तर कळव.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

मामीला मध्ये आणलंत हे काही बरं केलं नाहीत. पेन्सिल कशी धरायची ते मला तिने शिकवलं. तिचा मान मला तुम्ही सांगू नका.

तर आता ऐका मी काय केलं. तुमच्या तळाच्या मधोमध दोन फूट बाय दोन फुटांचं एक भोक पाडलं. हो, न विचारता. साहेबांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, मग विचारायचं कशाला? आमच्या मुकादमबाईंनी आधी पहारीचं टोक आपटून पाहिलं. बाईंचं शिक्षण चौथी, आणि बत्तीस वर्षं लोकांच्या विहिरी खणण्यात गेली. त्या म्हणाल्या, “ही माती खोटं बोलतेय.” सोळा इंच पिवळी माती काढली आणि तिच्याखाली काळी भुसभुशीत लागली, राखेची. तिच्यात जळके दाणे, एका गुराचा दात, मडक्याचे तुकडे. मडकं हाताने घडवलेलं, जाड, खरबरीत. शे-दीडशे वर्षांपूर्वी असली मडकी कुणी करत नव्हतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

हे सगळं टोपलीत घालून साहेबांकडे गेले. त्यांनी बोटाने दात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “एका भोकावरून एवढ्या मोठ्या माणसाला खोटं ठरवायचं?” शेवटी नाइलाजाने सहा मार्चला सुनावणी ठेवलीय. ती तुमच्याच शहरात, मोठ्या कचेरीत. गोदामवाल्यांचा वकील येणार आहे आणि त्याच्या हातात एकच शस्त्र आहे, ते म्हणजे तुम्ही. दाणे वय ठरवायला प्रयोगशाळेत पाठवलेत, पण तिथून उत्तर यायला दोन महिने लागतात. तोवर इथे काय उरणार?

आता एक विचारते, त्याचं खरं उत्तर द्या. छापील चित्र भिंगाखाली पाहिलं. तळाच्या रेघेखाली तिरप्या रेषा भरल्यात, पण मध्ये एक बारीक पट्टा कोरा आहे. मामी असं अर्धवट सोडणाऱ्यातली नव्हती. भाजी निवडतानासुद्धा एक काडी राहू देत नसे. तिथे काहीतरी होतं आणि कुणीतरी ते खोडलं, असं मला वाटतंय. मूळ चित्र पाठवा.

कामाचं काय विचारू नका, जोरात चाललंय.

तुमची घोरपड


२५ फेब्रुवारी

चि. भाचीस,

मूळ चित्र वाळवीने खाल्लं. या विषयावर मला पुन्हा लिहू नकोस. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, मला झोप हवी आहे.

आशीर्वाद आहेतच.

मामा


१ मार्च

मामा,

लिहू नकोस म्हणालात, तरी लिहितेय. हे पत्र खुर्चीत बसून वाचा. उभ्याने नको.

काल तुमच्या खड्ड्याचा उत्तरेकडचा कोपरा साफ करत होते. तुमच्या तळाच्या पिवळ्या मातीत, अगदी कोपऱ्यात, एक काचेचं बूड दिसलं. औषधाची जुनी तपकिरी बाटली, तोंड खाली करून दाबून बसवलेली. कुणाच्या हातून पडली असती तर आडवी असती. ही ठेवलेली होती. बुचावर मेण ओतून तोंड बंद केलेलं. तुम्ही नाणं मध्यावर ठेवलंत आणि मागे वळलात, तेव्हा कुणीतरी कोपऱ्यात ही ठेवली.

आत घडी घातलेला कागद. पेन्सिलीचं अक्षर. मामा, पहिला शब्द वाचायच्या आधीच मला कळलं. ‘ख’ला तसा लांब शेपटा दुसरं कुणी काढत नाही. मी खड्ड्यातच बसून राहिले. मुकादमबाईंनी माणसांना दामटून जेवायला पाठवलं आणि स्वतः माझ्याकडे पाठ करून वर उभ्या राहिल्या.

कागदावर आहे ते जसंच्या तसं उतरवते:

‘आज इथे काम थांबवण्यात आले. हा तळ नाही. थापी मारली की आवाज बद्द येतो, आणि या मातीत कोळशाचे कण आहेत. सगळे जेवायला गेल्यावर मी लोखंडी सळई घालून पाहिली. हातभर खाली भुसभुशीत लागते. मी तसे सांगितले. ऐकले गेले नाही. जो कुणी पुन्हा खणेल त्याने माझ्यावर विश्वास ठेवून हातभर खाली जावे. – थर काढणारी’

हातभर, मामा. मी मोजलं होतं, सोळा इंच.

म्हणजे तुम्ही फसला नव्हतात. तुम्हाला सांगितलं गेलं होतं. आणि तुम्ही मला लिहिता, तिचा तरी मान ठेव! मला इतका राग आलाय की हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्या दोन पत्रांत जे लिहिलं होतं ते भाचीने मामाला लिहू नये.

आता ती ओळ तुमच्याकडे मागत नाही. मागणं संपलं. सहा तारखेला बाटली आणि कागद घेऊन मुकादमबाई सुनावणीला येतील. मी येणार नाही, कारण दोन यंत्रं आणून बांधावर उभी केलीत आणि मी जागा सोडली की ती खाली उतरतील. मामीचा कागद काय ते बोलेल. तुमचा वकील तुमचं बोलेल. तुम्ही घरी बसा आणि सत्काराचं भाषण पाठ करा.

कागदाचा फोटो सोबत आहे. मूळ पाठवत नाही, कारण तुमच्या घरात वाळवी आहे.

भाची


७ मार्च

घोरपडे,

बसून वाचलं. मग उठता येईना. आणि ते गुडघ्यामुळे नव्हे.

काल काय झालं ते तुझ्या मुकादमबाई सांगतीलच, पण त्या तिखटमीठ लावतील, म्हणून मी लिहितो. सुनावणी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. प्रत्येक जिन्याला शिव्या घालत चढलो. बाहेरच्या बाकावर एक दणकट बाई मांडीवर टॉवेलात काहीतरी गुंडाळून बसल्या होत्या, देवघरातली मूर्ती न्यावी इतकं जपून. मला बघून सरकल्या आणि म्हणाल्या, “बसा आजोबा. पेन्शनचं काम शेजारच्या खोलीत आहे.” मी बसलो. त्या टॉवेलात काय होतं ते मला कळत होतं.

आत वकिलाने माझा अहवाल वाचला. काय गोड आवाज! मला या क्षेत्रातले भीष्माचार्य म्हणाला. चाळीस वर्षांत माझी इतकी स्तुती कुणी केली नव्हती, आणि मी प्रत्येक शब्दाला त्या टॉवेलाकडे बघत होतो. मग तुझ्या बाईंनी कागद पुढे केला. वकील हसून म्हणाला, “खाली सही नाही, नाव नाही. ही थर काढणारी कोण?”

मी उठलो. म्हटलं, “माझी बायको. आणि तो अहवाल चुकीचा आहे.”

सुनावणीचे साहेब म्हणाले, “आपण कोण?”

म्हटलं, “तो चुकीचा लिहिणारा.”

वकिलाने हातातल्या कागदावरचा माझा फोटो पाहिला, मग मला पाहिलं. त्याचं तोंड बघायला तू हवी होतीस.

मी टेबलावर मूळ चित्र उलगडलं. वाळवीबिळवी काही नाही. एक्केचाळीस वर्षं माझ्याच टेबलाच्या खालच्या कप्प्यात होतं. दर वेळी दिवाणखाना झाडताना मी तो कप्पा सोडून झाडायला सांगायचो. तळाच्या रेघेखाली, मापाने हातभर अंतरावर, तिने तुटक रेघ काढलीय आणि बाजूला लिहिलंय: ‘खंदक खाली चालू.’ छापायला देताना मी ती रेघ पांढऱ्या रंगाने बुजवायला लावली. मी, माझ्या हुकमाने. तू म्हणालीस खोडलं, ते बरोबर आहे.

का, ते साहेबांनीही विचारलं. त्यांना थोडक्यात सांगितलं, तुला पुरतं सांगतो. शेवटचा दिवस होता. दोन दिवसांपूर्वी मी वार्ताहराला कोंडवाडा म्हणून सांगून बसलो होतो आणि ते छापूनही आलं होतं. विभागप्रमुखाची जागा रिकामी व्हायची होती, तिच्यावर माझा डोळा होता. ती खड्ड्यातून म्हणाली, “अहो, आवाज बद्द येतोय, एक दिवस थांबू या.” वर दहा माणसं उभी होती. त्या दहा माणसांसमोर मी म्हणालो, “तू रेघा ओढ, अर्थ मी लावतो.”

तिने पेन्सिल उचलली. चित्र पूर्ण करून दिलं आणि त्यानंतर माझ्यासाठी एकही रेघ काढली नाही. लोकांना मी सांगायचो, तिचे डोळे दुखतात. त्याच डोळ्यांनी तिने पुढची तीस वर्षं शाळेच्या पुस्तकांसाठी पानं-फुलं काढली, जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर बसून, पानाची एकेक शीर सुटी दिसेल अशी. मला जेवण वाढलं, आजारपणात रात्री जागली, कधी टोमणा मारला नाही. मला वाटायचं, विसरली. खरं सांगतो, विसरली असं वाटून घ्यायला मला आवडायचं. आणि ती तर बाटलीत लिहून, मेण ओतून, मातीत ठेवून आली होती. मी पाठ वळवली होती तेव्हा.

मला लाज वाटते. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

साहेब म्हणाले, “तुम्ही हे तेव्हाच का सांगितलं नाहीत?” मी म्हटलं, “बायकोचं ऐकावं लागलं असतं.” सगळे हसले. तुझ्या मुकादमबाई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघतच राहिल्या.

निकाल असा: तुला आठ आठवडे दिलेत. तेवढ्यात तळ दाखवलास तर गोदामं रस्त्यापलीकडे सरकतील. नाही दाखवलास तर माझ्यासकट तूही खोटी. वकील निघताना म्हणाला, “सर, आयुष्यभराचं नाव घालवलंत.” मी म्हटलं, “माझं होतं, मी घालवलं. तुम्ही तुमची यंत्रं घरी न्या.”

मंडळाची पत्रिका परत पाठवली. सोनेरी अक्षरावर पेन्सिलीने तुटक रेघ मारून.

खण. हातभर नाही, लागेल तेवढी खाली जा.

मामा

ता. क. – जिना उतरताना मुकादमबाईंनी माझा दंड धरला होता. आजोबा म्हणाल्या नाहीत. ‘साहेब’ही म्हणाल्या नाहीत. “सावकाश, मामा,” म्हणाल्या.


२९ एप्रिल

मामा,

तळ लागला.

सहा फूट दोन इंच. खालची माती करडी, घट्ट, कुणाचाही हात न लागलेली. मी थापी मारली, मुकादमबाईंनी पहार मारली, मग सगळ्या माणसांनी ओळीने येऊन एकेक ठोका मारला. टणटणीत आवाज येतो. सुनावणीचे साहेब स्वतः बूट काढून खाली उतरले. त्यांनीही ठोकून पाहिलं आणि जाताना विचारलं, “ते चित्र काढणाऱ्या बाईंची आणखी चित्रं आहेत का?”

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. दाणे साडेबाराशे वर्षांपूर्वीचे. गोदामं सरकली. वकील नव्या जागेच्या तपासणीसाठी मलाच विचारायला आला होता, आता बोला!

पण मला तुम्हाला त्या भिंतीतलं सांगायचंय. हा खंदक तीनदा बुजलाय. पहिल्यांदा राख आणि जळकी माती, एका दमात टाकलेली. त्यांनी तो परत खणला, आधीच्यापेक्षा अरुंद. पुन्हा बुजवला गेला. त्यांनी पुन्हा खणला. एकात एक तीन रेघा स्वच्छ दिसतात. कुणी बुजवला, कशासाठी, माहीत नाही आणि मी उगाच सांगणार नाही. तिसऱ्यांदा त्यांचा बांधच आत लोटला, तीच तुमची पिवळी माती. त्यानंतर खंदक काही परत झाला नाही. पण त्या पिवळ्या मातीवरून नांगराचे ओरखडे गेलेत, मामा. घरं गेली, कुंपण गेलं, आणि ही माणसं त्याच्याच उरावर शेत नांगरत राहिली. बाहेरच्या पट्ट्यांचे बांध अजून जुन्याच रेषेत आहेत, इकडे ना तिकडे. हटली नाहीत.

आता माझी एक कबुली. वीस फेब्रुवारीच्या पत्रात ‘काम जोरात चाललंय’ असं लिहिलं ते खोटं होतं. भोक पाडल्याबद्दल त्याच दिवशी मला काम बंद करण्याचा हुकूम आला होता. मुकादमबाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, “चष्मा घरी राहिला, उद्या बघू.” तो चष्मा पुढे दोन आठवडे घरीच राहिला. म्हणजे बाटली सापडली तेव्हा मला तिथे उभं राहायचाही अधिकार नव्हता. सुनावणीच्या दिवशी मी यंत्रासमोर घडीची खुर्ची टाकून बसले होते. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, घरी ये. म्हणून नाही कळवलं.

मी तुम्हाला जे तोडून लिहिलं त्यातलं काही मागे घेत नाही. पण मला तुमची आठवण येते.

पुढच्या शुक्रवारी हा खड्डा बुजवायचा आहे, म्हणजे आतलं सुरक्षित राहील. मध्यावर या वर्षीचं नाणं मी ठेवीन. कोपऱ्यातली बाटली मात्र मला भरता येत नाहीये. चार चिठ्ठ्या लिहून फाडल्या. ती तुम्ही लिहा.

गुडघा कसा आहे? या वेळी खरंच विचारतेय.

तुमची घोरपड


४ मे

चि. घोरपडीस,

सगळे आशीर्वाद. मागे कापून घेतलेले दोन-तीनसुद्धा व्याजासकट परत.

हुकूम मोडलास, मामापासून लपवलंस, यंत्रासमोर खुर्ची टाकून बसलीस. तुझ्या मामीला तू फार आवडली असतीस. आवडतच होतीस, पण आता तिने तुझी पेन्सिल स्वतः टोकून दिली असती. शाब्बास! आणि तुझ्या बाईंना सांग, त्यांचा चष्मा कधीही न सापडो.

गुडघ्याचं म्हणशील तर डॉक्टर म्हणतात जिना चढू नका. खड्ड्यात उतरू नका असं ते म्हणालेले नाहीत, आणि मी विचारणारही नाही. मी शुक्रवारी येतोय. शिडी मजबूत ठेव. खाली मला कुणी धरायचं नाही. मला एकदा थापी मारून तो आवाज माझ्या कानाने ऐकायचाय, जेवढा कान उरलाय तेवढ्याने.

मूळ चित्र सोबत आणतोय. तुझ्या अहवालात तेच छाप, तुटक रेघेसकट, आणि खाली तिचं नाव घाल. माझं नाव कुठे घालायचं ते तुझं तू बघ, पण तिच्या खाली.

चिठ्ठी लिहून बाटलीत भरलीय. ती मीच ठेवणार आहे, म्हणून बूच लावून मेण ओतून आणतो. आत काय आहे ते तुला आधी सांगतो, कारण तिकडे मला वाचून दाखवता येणार नाही. त्यात लिहिलंय:

‘हा तळ आहे. सहा फूट दोन इंच. इथवर यायला एक्केचाळीस वर्षं लागली, ती माझ्यामुळे. थर काढणारीने पहिल्याच दिवशी बरोबर सांगितले होते.

ऐकले. – तिचा नवरा’